काडीकचऱ्यातून प्लॅस्टिक : एका जुन्या प्रयत्नाची पार्श्वभूमी

उसाची चिपाडे, मक्याची ताटे किंवा धान्याचे तूस यांपासून साच्यात दाबून वस्तू घडवण्याची कल्पना अलीकडची मानली जाते, पण तिची मुळे खनिज तेलापासूनच्या प्लॅस्टिकच्याही मागे जातात. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडलेले पार्केसाइन हे सुरुवातीचे प्लॅस्टिक वनस्पतींच्या तंतूंतील सेल्युलोजवरच आधारलेले होते.

टाकाऊ मालाला कारखान्याची वाट मिळाली ती १९२२ मध्ये, अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीत, जिथे ओटच्या तुसाचे करायचे काय हा रोजचा प्रश्न होता. हे तूस सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून दाबाच्या वाफेत शिजवले, की त्यातील पेंटोसॅन हे घटक तुटून फरफ्युरल तयार होते आणि वाफेबरोबर बाहेर पडते. कडू बदामासारखा वास असलेला हा द्रव ताजा असताना जवळजवळ रंगहीन असतो, पण हवा लागली की तपकिरी आणि मग काळपट होत जातो. फिनॉल या रसायनाशी त्याचा संयोग घडवून साच्यात दाबता येणारी, उष्णतेने कायमची घट्ट होणारी राळ मिळू लागली.

पुढच्या दशकात मंदीने शेतमालाचे भाव कोसळल्यावर शेतीतून उद्योगाला कच्चा माल पुरवण्याची चळवळ अमेरिकेत उभी राहिली. हेन्री फोर्ड यांनी १९४१ मध्ये दाखवलेली, सोयाबीनच्या नावाने गाजलेली प्लॅस्टिकच्या पत्र्यांची मोटार सर्वांच्या लक्षात राहिली. माझ्या मते मात्र चिपाडे आणि काडीवरचे प्रयोग अधिक मोलाचे होते, कारण त्यांनी पिकाला हात न लावता उरलेल्यावरच भिस्त ठेवली. त्यांची खरी झुंज लिग्निनशी होती. काडीतले तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारा हा घटक ओलावा आणि उष्णता मिळाल्यावर मऊ पडतो, म्हणून काडी आधी आम्लात शिजवून तिच्यातील विरघळणारा भाग काढून टाकत आणि लिग्निनने समृद्ध झालेली उरलेली भुकटी तापलेल्या साच्यात दाबत. वस्तू तयार होई, पण ती गडद रंगाची आणि ठिसूळ असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेलापासूनचे स्वस्त, हव्या त्या रंगाचे प्लॅस्टिक आले आणि हे काम मागे पडले. त्यात गोळा करण्याची अडचण होतीच: काडी हलकी, जागा खाणारी आणि हंगामापुरतीच मिळणारी, तर चिपाडे साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये आधीपासूनच जळत होती. फरफ्युरल मात्र टिकले. आजही ते तेलापासून नव्हे, तर चिपाडे आणि दाणे काढलेली मक्याची कणसे यांपासूनच बनते.