‘बॉटम’वाली आडनावे: खुलासा

शफलबॉटम, साइडबॉटम ही इंग्रजी आडनावे पार्श्वभागावरून चेष्टेने पडली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते चूक आहे. जुन्या इंग्रजीत ‘बॉट्म’ म्हणजे दरीचा सखल तळ. या शब्दाला पार्श्वभागाचा अर्थ चिकटला तो 18व्या शतकाच्या अखेरीस. आडनावे मात्र मध्ययुगातली, म्हणजे कित्येक शतके आधीची. आपल्या ‘कर’वाल्या आडनावांसारखीच ती गावठिकाणावरून आली.

शफलबॉटमचे मूळ इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशर परगण्यातल्या बरी गावाच्या परिसरातले शिपरबॉटम हे ठिकाण. त्याचा अर्थ ‘मेंढ्या धुण्याच्या झऱ्याची दरी’ असा लावतात. ‘शिपर’चे ‘शफल’ झाले ते उच्चार घसरल्याने. शेजारीच रॅम्सबॉटम गाव आहे. ही आडनावे लँकेशर आणि लगतच्या चेशर पट्ट्यात दाट आणि इंग्लंडच्या दक्षिणेत विरळ.

पुढे काहींनी लाजेने ‘बॉटम’चे ‘बॉथम’ केले, हेही अर्धसत्यच. ‘बॉथम’ हे जुनेच बोलीरूप. क्रिकेटपटू इयान बॉथमचे आडनावही याच कुळातले.

वंशावळ शोधताना एकच स्पेलिंग धरून बसू नका. इंग्लंड-वेल्समधली नागरी (जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी) नोंदणी 1 जुलै 1837 पासूनची. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या. तिथे पाद्री कानावर पडेल तसे लिहीत, त्यामुळे सख्ख्या भावंडांची आडनावेही वेगळी सापडतात.