इन्कॉग्निटो आणि व्हीपीएन एकच नव्हे हो

बेळगावच्या शहापुरात आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान आहे, त्यामुळं हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतोयच. परवा गल्लीतलाच डिप्लोमाला असलेला एक पोरगा आला आणि हळूच म्हणाला, अण्णा, दुसऱ्या नावानं इन्स्टावर एकाला कायतरी लिहिलोय, खरं इन्कॉग्निटोतनं लिहिलोय, म्हणजे व्हीपीएनच की ते, सापडत नाही नव्हं? मी म्हटलो बस आधी, चहा सांगतो.

इन्कॉग्निटो फक्त तुमच्या समोरच्या मशीनपुरतं. विंडो बंद केली की हिस्ट्री, कुकीज, लॉगिन सगळं पुसून जातंय, बस्स तेवढंच. दुकानात कुणाला जीमेल उघडायचं असलं तर मी इन्कॉग्निटोच उघडून देतो, नाहीतर मागनं येणाऱ्याला आधीच्याचं इनबॉक्स सरळ उघडं. डाउनलोड केलेली फाइल मात्र जात नाही हं! संध्याकाळी आमचं डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं की आधार, जमिनीचे आरटीसी उतारे, कुणाचं तरी मार्क्सकार्ड, सगळं तसंच पडलेलं असतंय, रोज मीच बसून डिलीट करतो.

म्हणजे इन्कॉग्निटो घरातल्यांपासून लपवतंय, बाहेरच्यांपासून नाही. सिमवाल्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेला ते कळतंय, साइटला तुमचा आयपी नंबर, म्हणजे तुमच्या नेटचा पत्ता, दिसतोय. अमेरिकेत 2020 साली गुगलवर याच्यावरनंच केस पडली, की इन्कॉग्निटो म्हणता आणि माहिती गोळा करताच, आणि 2024 ला तडजोडीत गुगलनं अब्जावधी रेकॉर्ड पुसायचं कबूल केलं.

व्हीपीएन उलटं, ते तुमचं नेट आधी दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर नेतंय आणि तिथनं पुढं साइटवर. समजा तुम्ही घरातनं निघून आधी मामाकडं जाता आणि तिथनं मामाच्या गाडीतनं पुढं. गल्लीतल्यांना एवढंच दिसतंय की हा मामाकडं गेला, पुढं जिथं पोचला त्यांना मामाची गाडी दिसली. खरं मामाला सगळं माहीत असतंय. तो मामा कोण, हे कुणी बघत नाही, फुकटचं ॲप दिसलं की टाकलं. 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं, आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी गिऱ्हाईकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी 5 वर्षं जपून ठेवायचे. एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांनी असल्या नोंदी ठेवायला नकोत म्हणून त्याच वर्षी भारतातले सर्व्हर काढून टाकले, म्हणजे बघा.

पोराला त्याच्याच मोबाइलवर दाखवलो. साध्या विंडोत आयपी बघितला, मग इन्कॉग्निटोत बघितला, आकडा तोच. मग व्हीपीएन चालू केलो, आकडा बदलला, गाव ॲम्स्टरडॅम आलं, पोरगं खुश. म्हटलो आता यूट्यूब उघड. उघडलं तर वर त्याचाच फोटो! जीमेल लॉगिन होतंच की. गाडी मामाची, खरं आत बसून खिडकीतनं स्वतःचंच नाव ओरडतोय, त्याला मामा काय करणार.

गाव बघून पण फसू नका. व्हीपीएन नसतानाही इथं बसून आयपीचं गाव बेंगळूर दाखवतंय, आणि महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याजवळ फोननं महाराष्ट्राचं नेटवर्क पकडलं तरी त्यावरनं गाव बदलेलच असं नाही, कारण नेट कंपनीच्या ज्या गेटवेतनं, म्हणजे दारातनं, बाहेर पडतंय त्या गावाचं नाव येतंय. त्यात मोबाइलवर कितीतरी लोकांना मिळून एकच जुन्या पद्धतीचा आयपी वाटून दिलेला असतोय. म्हणून लोकांना वाटतंय कुणाला काय सापडणार. चुकतात. साइटकडं वेळ आणि पोर्ट नंबर (एकाच आयपीवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) नोंद असला की कंपनी तिच्या नोंदीतनं त्या घटकेचं सिम काढून देऊ शकते, आणि डिसेंबर 2021 पासून या नोंदी निदान 2 वर्षं ठेवायचा नियम आहे. शेजाऱ्यापाजाऱ्याला तुमच्या आयपीवरनं घर सापडणार नाही, ते पोलिसांनी कायद्यानं मागितलं तरच. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि इथंच लोक गोंधळतात, एकतर कुणालाच कळत नाही म्हणतात नाहीतर सगळ्यांनाच कळतंय म्हणून घाबरतात.

आणि आयपी लपला तरी ब्राउझर ओळखू येतोयच. स्क्रीनचा साइज, फॉन्ट, टाइमझोन असलं सगळं जोडून. 2010 साली ईएफएफ या अमेरिकेतल्या इंटरनेट हक्कांच्या संस्थेनं तपासलं तर त्यांच्याकडं आलेल्या ब्राउझरांपैकी 83.6 टक्के एकमेकांहून वेगळे निघाले.

चहा संपेपर्यंत पोरगं गप्प. मग विचारलो, ते इन्स्टाचं खातं कुठल्या नंबरवर काढलास? म्हणाला, ह्याच. सिम कुणाच्या नावावर? तर म्हणाला, बाबांच्या.