शिक्षा कमी करायला गेलो आणि वाढली तर? अपिलातल्या जुन्या भीतीची पार्श्वभूमी

‘दोषी ठरवलंत ते ठीक, पण शिक्षा फार झाली’ एवढंच म्हणायला वरच्या कोर्टात जावं, तर तिथे ती वाढणार तर नाही ना? पक्षकार हे आजही विचारतात, आणि त्यांची भीती खुळी नाही. दीडशे वर्षांत कायद्याने याचं उत्तर अनेकदा फिरवलं आहे.

1872 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अपील ऐकणारं कोर्ट शिक्षा थेट वाढवू शकत होतं. 1882 मध्ये ती मुभा गेली. वाढीचा अधिकार उच्च न्यायालयाच्या रिव्हिजनपुरता, म्हणजे अपिलाशिवाय खालच्या कोर्टाचा निकाल तपासण्याच्या अधिकारापुरता, उरला. 1923 च्या दुरुस्तीने वाढीची नोटीस मिळालेल्या आरोपीला मूळ दोषसिद्धीवरही बोलता येऊ लागलं. मुंबईच्या दारूबंदीच्या एका खटल्यात आरोपीचं अपील उच्च न्यायालयाने सुरुवातीलाच फेटाळलं आणि मागाहून सरकारने शिक्षावाढ मागितली. तरीही त्याला निर्दोषत्व मांडता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये ठरवलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी संसदेने उच्च न्यायालयाला अपिलातच शिक्षा वाढवायचा अधिकार दिला!

1973 च्या संहितेने तो काढून घेतला. कलम 386 प्रमाणे आरोपीच्या अपिलात शिक्षा बदलता येते, वाढवता येत नाही. वाढ हवी तर सरकारने कलम 377 खाली वेगळं अपील करायचं. 1973 च्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमं 427 आणि 418 आहेत. रिव्हिजनची पळवाट मात्र शिल्लक होती. आरोपीच्याच अपिलात ती वापरून शिक्षा वाढवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला 2025 मध्ये सांगावं लागलं.

‘जादा’ शिक्षा म्हणजे किती, याची व्याख्या कायद्यात नाही. ‘आम्ही असतो तर कमी दिली असती’ एवढ्यावर वरचं कोर्ट हात घालत नाही. गुन्ह्याशी शिक्षेचा मेळच नाही, हे दाखवावं लागतं. 1951 मध्ये मुंबईच्याच काळाबाजाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दंड कमी केला: काळाबाजार मोडण्याच्या आवेशात शिक्षेचं मोजमाप सुटू नये, म्हणून.

काही चुका मात्र नुसत्या बेरीज-वजाबाकीच्या असतात. दंड न भरल्यास द्यायची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसते. साध्या चोरीला कमाल 3 वर्षं, म्हणजे इथे 9 महिने. निकालात ‘दंड न भरल्यास 1 वर्ष’ आलं असेल तर तेवढा भाग बेकायदाच. याउलट, कायद्यानेच किमान शिक्षा ठरवली असेल तर आरोपीची परिस्थिती कितीही हलाखीची असो, अपील कोर्ट त्याखाली उतरू शकत नाही.

शिक्षेवर आरोपीचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐकायचं बंधनही 1973 चंच. ते ऐकलं नाही म्हणून 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण खाली परत पाठवलं होतं. पुढच्याच वर्षी मानवत हत्याकांडाच्या निकालात, ही उणीव वरचं कोर्ट स्वतःच भरून काढू शकतं, असं म्हटलं गेलं. व्यवहारात हे ऐकणं बहुधा दोषी ठरवल्याच्या दिवशीच उरकतं आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ‘गरीब आहे, कमावता एकटाच’ एवढंच उतरतं. वय, आजारपणाचे कागद, तुरुंगातली वर्तणूक हे मग अपिलातच जोडावं लागतं.