आधी शोध, मग ‘नवीन’: मजकूर भरण्याच्या फॉर्मची पार्श्वभूमी

जळगावजवळ शिरसोली नावाची दोन गावे आहेत, शिरसोली प्र.बो. आणि शिरसोली प्र.न. ‘प्र.’ म्हणजे जुन्या महसुली भाषेतले प्रगणे. संकेतस्थळावर बातमी चढवणाऱ्याला गावाच्या चौकटीत नुसते ‘शिरसोली’ दोनदा दिसले, तर तो अंदाजाने एक निवडतो, नाहीतर वैतागून तिसरी शिरसोली नव्याने बनवतो. मग गावाच्या पानावर निम्म्याच बातम्या दिसतात. दोष भरणाऱ्याच्या माथी मारला जातो, पण ही चौकट घडत आली तीच तशी.

वेबवरच्या फॉर्मचे पहिले पक्के प्रमाण नोव्हेंबर १९९५ मधले, एचटीएमएल (वेबपाने लिहिण्याची भाषा) २.० चे. मजकुराची चौकट, चेकबॉक्स, रेडिओ बटण, ड्रॉपडाउन आणि बटणे, एवढाच तो संच. फाइल चढवण्याची सोय त्याच महिन्यात वेगळ्या दस्तऐवजाने आली. हे सारे माहिती भरून पाठवण्यासाठी होते. आधीच साठवलेल्या हजारो नोंदींतून एक उचलायची कशी, याचे उत्तर त्यात नव्हते. ड्रॉपडाउन दहा-वीस पर्यायांपर्यंत चालतो. खानदेशच्या तीन जिल्ह्यांतले २५ तालुके त्यात जेमतेम बसतात, गावे बसवायला गेले की बोट दुखेपर्यंत यादी सरकवावी लागते.

पुढची काही वर्षे सगळे लक्ष लिहिण्याच्या चौकटीवर गेले. इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये (२०००) पानावरच मजकूर संपादित करता येऊ लागला, त्यावर २००३ मध्ये एफसीकेएडिटर आणि २००४ मध्ये टायनीएमसीई हे पानावरचे मजकूर-संपादक उभे राहिले. मराठीत अडचण निराळीच होती. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक, म्हणजे संकेत, देणाऱ्या प्रमाणात) देवनागरी १९९१ पासून आणि विंडोज २००० मध्ये मराठीची सोय असूनही छपाईचे काम जुन्या फॉन्टांत चाले. त्या फाइलींत खरे तर रोमन अक्षरांचे संकेत असत. फॉर्ममध्ये पेस्ट केले की फॉन्ट गळून पडे आणि उरे तो अगम्य रोमन मजकूर.

आधीच असलेली नोंद उचलण्याचे विजेट, म्हणजे फॉर्मवरचे तयार साधन, उशिरा आले. डिसेंबर २००४ मध्ये गूगल सजेस्टने टाइप करता करता पर्याय दाखवले आणि अशी सोय, ऑटोकम्प्लीट, सगळीकडे रुजली. ड्रुपल या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीमध्ये एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखवण्याची सोय आधी जोडमॉड्यूलने होती, ड्रुपल ८ मध्ये (२०१५) ती गाभ्यात आली. तिथे निवडल्यावर चौकटीत शीर्षक आणि कंसात नोंदीचा क्रमांक दिसतो. यंत्राला तेवढे पुरते, माणसाला नाही. त्याला शिरसोलीपुढे ‘प्र.बो.’ हवे, पिंपळगावपुढे तालुका हवा, लेखापुढे तारीख हवी.

मराठी शोधातली खरी मेख अक्षरांत आहे. भुसावळ तालुक्यातले ‘कुऱ्हे पानाचे’ घ्या. यातला ऱ कोणी थेट देतो, कोणी र खाली नुक्ता (टिंब) देऊन, कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर तिन्ही सारखेच. युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एका रूपात आणण्याचा नियम) पहिले दोन एक करते, तिसरे तसेच राहते. चौथा प्रकार ‘कु-हे’: कळफलकावर ऱ सापडेना तेव्हा आडवी रेघ देण्याची सवय लागली, आणि ‘शेतक-यांना’ अशा मजकुराचे ढीग साठले. ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र यांचेही तसेच, दिसायला एक, संकेत वेगळे, आणि इथे प्रमाणीकरणही मदतीला येत नाही. म्हणून शोधासाठी वेगळी अनुक्रमणिका ठेवून तिच्यात हे सारे एका रूपात आणायचे. मूळ मजकुराला हात लावायचा नाही, कारण ‘जत्रा-यात्रा’ मधली रेघ खरी असते.

किती अक्षरांनंतर पर्याय दाखवायचे, हेही इंग्रजीचा हिशेब धरून ठरलेले असते. ‘शि’ आपल्याला एक अक्षर, संगणकाला दोन. किमान तीनची अट घातली की ‘शि’वर काहीच येत नाही. दोनवर सुरू करावे, शेवटच्या कळीनंतर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबावे, आठ-दहा पर्याय दाखवावेत. शब्द ‘जुळून पूर्ण’ झाल्याचे कळफलकाने सांगण्याची वाट पाहू नये. मोबाइलच्या काही कळफलकांवर शब्द स्पेस देईपर्यंत अर्धवटच मानला जातो, आणि यादी उघडतच नाही.

निवडलेल्या नोंदीची मजकुरात प्रत करायची की मूळ नोंदच जोडायची, हा वाद अजून मिटलेला नाही. वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीच्या ५.० आवृत्तीने (डिसेंबर २०१८) पुन्हा वापरता येणारे ब्लॉक, म्हणजे मजकुराचे तुकडे, आणले. एका पानावर बदल केला की तो सगळीकडे होई, आणि आपण फक्त हेच पान सुधारतोय असा समज सहज होई. ६.३ मध्ये (२०२३) त्यांची ओळख ‘सिंक केलेले पॅटर्न’ अशी झाली. नावाने थोडे कळते, पण संपादनाच्या पडद्यावर ‘ही नोंद १४ पानांवर आहे’ असे लिहिलेले असणे जास्त उपयोगी. रावेरच्या केळीचा आजचा भाव जोडूनच ठेवावा, एकदा बदलला की सगळीकडे बदलतो. कालच्या बातमीतला भाव मात्र मजकुरातच गोठवावा.

नावांचे तसेच. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. १९९६ च्या लेखात ‘धुळे जिल्ह्यातील नवापूर’ बरोबरच आहे. लेखाला जोडलेली तालुक्याची नोंद नंदुरबारखाली हलवावी, वाक्य हलवू नये. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले तिथे जुने नाव पर्यायी नावांच्या खान्यात हवे, म्हणजे ‘एदला’ टाइप केले तरी सापडते. ‘कापूस’ आणि ‘कपाशी’ असे दोन टॅगही याच खान्याने एक होतात.

‘नवीन बनवा’ हे बटण यादीच्या तळाशी आणि शोधल्यानंतरच दिसावे. आधीपासून समोर असले की लोक शोधतच नाहीत. दाबल्यावर नवा फॉर्म त्याच पानावर उघडावा. पूर्वी तो वेगळ्या खिडकीत उघडे, ब्राउझर ती अडवी, आणि चुकून मूळ पान बदलले तर अर्धा लिहिलेला लेख जाई. शोधलेला शब्द नव्या फॉर्मच्या नावाच्या खान्यात आपोआप यावा, तालुका सक्तीचा असावा, बाकीचे नंतर भरता यावे. सेव्ह केल्यावर ती नोंद मूळ चौकटीत निवडलेलीच दिसावी आणि कर्सर पुढच्या खान्यात असावा. पुन्हा शोधायला लावले, की घाईतला माणूस तीच नोंद दुसऱ्यांदा बनवतो.