जपानी ॲनिमेशनपटांतली रेघ : सेलपासून संगणकापर्यंत

‘अकिरा’, ‘घोस्ट इन द शेल’, ‘प्रिन्सेस मोनोनोके’ ही नावे आता मराठी प्रेक्षकाला नवी नाहीत. त्यांच्या आशयावर पुष्कळ लिहिले जाते. ते असे का दिसतात, यावर फारच कमी. या चित्रपटांतले चिंतन संवादांत जेवढे आहे, त्याहून अधिक ते चित्र किती वेळ थांबते आणि रेघ कशी ओढली आहे यात आहे. म्हणून १९९७ ते २००१ या काळात जे बदलले, ते नीट समजून घ्यायला हवे.

जपानमध्ये ॲनिमेशन १९१७पासून आहे. पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट १९४५ साली युद्धप्रचारासाठी निघाला, तर पहिला रंगीत १९५८ साली. आजच्या शैलीची पाळेमुळे मात्र १९६३च्या दूरचित्रवाणी मालिकांच्या काटकसरीत आहेत. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चौकटी, लागतात. एकच चित्र तीन फ्रेम दाखवले की सेकंदाला आठ चित्रांत भागते. त्यातही चेहरा स्थिर ठेवून ओठ तेवढे हलवायचे, किंवा एका लांबलचक चित्रावरून कॅमेरा सरकवायचा. या काटकसरीला अजूनही नावे ठेवली जातात. पण पुढे हाती पैसा आल्यावरही दिग्दर्शकांनी ती स्थिरता सोडली नाही. १९९५च्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये तीन मिनिटांहून अधिक वेळ शहर नुसते समोरून सरकत राहते, संवाद नाही. माणूस म्हणजे नेमके काय, हा त्या चित्रपटाचा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात रुजतो तो तिथे.

हे सगळे सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांवर, होत असे. कागदावरचे पेन्सिलचे चित्र यंत्राने कार्बनच्या साहाय्याने पारदर्शक ॲसिटेटवर उतरवायचे आणि पत्रा उलटून मागच्या बाजूने रंग भरायचा. कार्बन काळाच असतो असे नाही. १९८८च्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये बाह्यरेषा बहुतांशी तपकिरी आहेत, आणि त्यामुळेच त्या मुलांचे चेहरे मागच्या दृश्यात मिसळून जातात. त्याच वर्षीच्या ‘अकिरा’ला सुमारे १,६०,००० सेल आणि ३२७ रंगछटा लागल्या. त्यातल्या काही छटा खास रात्रीच्या दृश्यांसाठी बनवून घ्याव्या लागल्या.

अडचणी कमी नव्हत्या. सेल एकावर एक ठेवले की खालच्या थराचा रंग मळकट दिसतो. एखादे पात्र मध्येच फ्रेममधून गेले, तर त्याच्या जागी कोरा सेल घालावा लागे, नाहीतर उरलेल्यांचा रंग एकदम उजळायचा. रंग ओला असताना चळत रचली की पत्रे चिकटायचे. दिव्यांचा झगझगाट हवा असेल तर आधी दृश्य चित्रित करायचे, मग फिल्म मागे फिरवायची, आकार कापलेला काळा कागद ठेवायचा आणि खालून प्रकाश सोडून त्याच फ्रेमवर पुन्हा एक्स्पोजर द्यायचे. कागद केसभर सरकला तरी उजेड दिव्याबाहेर सांडलेला दिसे आणि अख्खा शॉट पुन्हा घ्यावा लागे.

‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) प्रदर्शनाच्या तारखेआधी हातावेगळा होईना, म्हणून संगणक आणले गेले. सुमारे दहा मिनिटांचे रंगकाम त्यांवर झाले आणि आणखी पाचेक मिनिटांची दृश्ये पूर्णपणे डिजिटल पद्धतीने तयार झाली. बाकी सगळा चित्रपट सेलवर. २००१ साली त्याच दिग्दर्शकाच्या ‘स्पिरिटेड अवे’चे रंगकाम पूर्णपणे संगणकावर झाले. त्याला बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि ऑस्कर मिळाल्यावर सेल की संगणक हा वाद जवळपास मिटलाच. संगणकाची बाजू घेणारे म्हणतात की कला वाचली : थरांची मर्यादा गेली, रंगांची संख्या अमर्याद झाली, धूळ आणि ओरखडे संपले. ते खरेच आहे. विरोध करणारे रंगातली ऊब गेली म्हणून हळहळतात. मात्र या वादात मुख्य नुकसानाकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष झाले.

ते नुकसान रेघेचे. संगणकावर रंग भरायचा तर पेन्सिलचे चित्र स्कॅन करून त्यातली रेघ सहसा निव्वळ काळी किंवा निव्वळ पांढरी करावी लागते. दाब कमीजास्त झाल्याने येणारा करडा रंग तिथेच संपतो. शिवाय रेघ कुठेही तुटलेली चालत नाही. कोपरात एवढीशी फट राहिली तरी बाहीचा रंग आकाशात पसरतो. म्हणून हालचालीच्या मुख्य चित्रांमधली चित्रे काढणाऱ्यांना प्रत्येक आकार घट्ट बंद करायची सवय लावली गेली. २००० नंतरच्या पुष्कळ चित्रपटांत पात्रे स्टिकरसारखी वर चिकटवलेली वाटतात, ती यामुळे.

यावर उत्तरही निघाले, पण महागडे. १९९९च्या ‘माय नेबर्स द यामादाज’मध्ये तुटक रेघ आणि जलरंग हवे होते. त्यासाठी दिसणाऱ्या रेघेचे चित्र वेगळे आणि रंगाची हद्द ठरवणारे बंद रेघेचे चित्र वेगळे काढावे लागले, म्हणजे हालचाल एकच आणि काम कितीतरी पट. तोच दिग्दर्शक पुढे ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३) करताना कोळशासारख्या खरबरीत रेघेपर्यंत पोहोचला. राजकन्या मेजवानीतून पळत सुटते तिथे रेघच फाटत जाते. मर्त्य जगाची ओढ आणि त्याचा वीट, दोन्ही त्या काही क्षणांत दिसतात. डिजिटल काळातले इतके धाडसी रेखाटन दुसऱ्या कुठल्या मोठ्या चित्रपटात नाही.

‘युवर नेम’ (२०१६) आणि ‘वेदरिंग विथ यू’ (२०१९) यांनी दुसरी वाट धरली. रेघ साधी ठेवायची आणि पाऊस, ढगांच्या कडा, ओल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब हे सगळे संगणकावर चित्राचे थर जुळवताना चढवायचे. यातला दुसरा चित्रपट चाहत्यांच्या मागणीनंतर ऑक्टोबर २०१९मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला.

पाहताना आवृत्तीकडे लक्ष द्यावे. सेलचे चित्रपट फिल्मवर असल्याने नव्याने ४के, म्हणजे अतिसूक्ष्म तपशिलाचे, स्कॅन करता येतात. सुरुवातीचे डिजिटल चित्रपट ज्या रेझोल्यूशनला तयार झाले तिथेच अडकले आहेत. त्यांचे ४के म्हणजे निव्वळ फुगवलेले चित्र. जुन्या चित्रपटांत ग्रेन, म्हणजे फिल्मची कणी, पुसून टाकलेली प्रत टाळावी, कारण ग्रेनबरोबर बारीक रेघाही जातात. आकाशासारख्या सपाट भागात हलती कणी दिसली की प्रत चांगली समजावी. ‘घोस्ट इन द शेल’ची २००८ साली आलेली ‘२.०’ आवृत्ती तर पहिल्यांदा पाहणाऱ्याने घेऊच नये. तिच्यात सुरुवातीच्या प्रसंगासह काही दृश्ये त्रिमितीय संगणकचित्रांनी बदलली आहेत आणि मूळ हिरवट छटेच्या जागी नारिंगी आली आहे. १९९५चीच प्रत मागावी.