पाळीव कुत्र्याचे आरोग्य (ग्रामीण विदर्भ)

पाळीव कुत्र्याला पिल्लू असल्यापासून म्हातारपणापर्यंत निरोगी ठेवण्यासाठी घ्यावयाची निगा. लसीकरण, आहार, जंत व गोचीड यांचा बंदोबस्त, विषबाधेपासून बचाव, प्रजनन आणि वृद्धापकाळातील देखभाल या गोष्टी तिच्यात येतात. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील खेड्यांत कुत्रे बहुतेक गावठीच असते आणि ते घराचे असते तितकेच वावराचेही. सकाळी बंडीमागे वावरात, रात्री जागलीला (पिकाच्या राखणीला) मचाणाखाली, झडीच्या दिवसांत गोठ्यात असा त्याचा फेरा असतो, आणि त्याची बहुतेक दुखणी याच फेऱ्यातून येतात. त्यामुळे शहरी कुत्र्यांसाठी दिले जाणारे सल्ले येथे निम्मेच लागू पडतात. लठ्ठपणा क्वचित दिसतो; कपाशीवरचे औषध, सरकीची ढेप, साप आणि बिबट्या यांच्याशी मात्र कायम गाठ पडते.

गावठी कुत्र्याला काही होत नाही, असा समज गावोगाव आहे. पहिल्या चार महिन्यांत मेलेली पिल्ले कोणी मोजत नाही आणि वाचलेले धट्टेकट्टे कुत्रे रोज डोळ्यांसमोर असते, म्हणून हा समज टिकून आहे. गावठी कुत्र्याचा काटकपणा खरा आहे. संकरित किंवा विदेशी जातींपेक्षा त्याला ऊन सोसते आणि त्याचे सांधेही कमी कुरकुरतात. पण पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीजचे विषाणू जात पाहत नाहीत.

पिल्लूपण व लसीकरण : गावातील कुत्र्यांचा माजाचा मुख्य हंगाम भाद्रपदाच्या आसपास असतो आणि गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा, म्हणून बहुतेक पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात, थंडीच्या तोंडावर जन्मतात. मुले ती महिनाभरातच उचलून घरी आणतात. ही घाई टाळावी. आठ आठवडे आईजवळ राहिलेले पिल्लू अंगाने भरते आणि दुसऱ्या कुत्र्यांशी वागायलाही शिकते. आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण सहा आठवड्यांपासून ओसरू लागते. तेव्हा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात डिस्टेंपर, पार्व्हो, यकृतदाह वगैरेंची एकत्रित लस सुरू करून ती दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. एकच टोचून थांबण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती फसते. आईकडून आलेली प्रतिपिंडे अंगात शिल्लक असतील तर पहिली मात्रा वाया जाते.

पार्व्होमध्ये पिल्लू खाणे सोडते, उलट्या करते आणि त्याला रक्तमिश्रित, उग्र वासाची हगवण लागते. या विषाणूवर थेट औषध नाही. शरीरातले पाणी टिकवणे, म्हणजे सलाईन, हाच उपचार असतो, आणि एक दिवस वाट पाहिली तरी पिल्लू हातचे जाते. हा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. फरशीवर विरंजक पूड कालवलेल्या पाण्याने तो मरतो. शेणाने सारवलेल्या अंगणात तिचा जोर शेणामातीतच संपतो. ज्या अंगणात पार्व्होने पिल्लू गेले तेथे वर्षभर तरी लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू आणू नये. डिस्टेंपरमध्ये डोळ्या-नाकातून चिकट स्राव येतो, ताप चढतो-उतरतो, आणि पिल्लू बरे झाले असे वाटत असतानाच पुढे जबडा किंवा पाय झटके देऊ लागतो. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या काही भागांत, बांध्यांतल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा रोग होऊ शकतो. तो माणसालाही होतो, म्हणून तेथे त्याची लस वगळू नये.

लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच टिकते, हे मुद्दाम सांगायला हवे. तालुक्याच्या दुकानातून घेतलेली कुपी मे महिन्यात शर्टाच्या खिशात घालून एस.टी.ने गावी आणली, तर टोचल्याचे समाधान तेवढे मिळते. बर्फ घातलेला थर्मास सोबत न्यावा, किंवा सरळ पिल्लालाच दवाखान्यात न्यावे.

रेबीज : रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात आणि त्यानंतर दरवर्षी द्यावी. पिसाळलेले कुत्रे म्हटले की धावत सुटलेले, दिसेल त्याला चावणारे कुत्रे डोळ्यांपुढे येते, पण या रोगाचा एक मुका प्रकारही आहे. त्यात कुत्रे कोपरा धरते, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते आणि गिळता येत नाही. घशात हाड अडकले असे समजून धनी तोंडात हात घालतो, आणि नेमका तोच हात घात करतो. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद लावणे किंवा डाग देणे यांनी विषाणू मरत नाही, उलट जखम चिघळते. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठून लस सुरू करावी आणि खोल जखमेसाठी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागेल का, हे विचारावे. चावणारे कुत्रे मारून न टाकता बांधून ठेवून 10 दिवस पाहावे. इतके दिवस ते धडधाकट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजतात. लक्षणे दिसल्यावर या रोगातून माणूस किंवा कुत्रे वाचणे जवळजवळ अशक्य असते.

आहार : पश्चिम विदर्भात ज्वारीची भाकर व ताक, पूर्वेकडे भात व पेज, हा कुत्र्याचा नेहमीचा घास. त्याने पोट भरते, पण प्रथिने अपुरी पडतात. केस राठ होणे, पिल्लांची वाढ खुंटणे या रूपांत ती उणीव दिसते. रोज घट्ट वरण, एखादे उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याचे मटणाचे तुकडे दिले तरी बराच फरक पडतो. दुधाने अनेक मोठ्या कुत्र्यांना ढाळ लागते, ताक त्या मानाने पचते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, उरलेला झणझणीत रस्सा आणि कोंबडीची शिजलेली हाडे कुत्र्यापुढे टाकण्याचा रिवाज आहे; शिजलेले हाड कचकन तुटून आतड्यात टोचते आणि रश्श्यातला कांदा-लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. बोकड कापल्यावर कच्चे काळीज-फुप्फुस कुत्र्याला देणे त्याहून वाईट. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेवाटे अंगणात येतात आणि घरातल्या माणसांच्या यकृतात पाण्याच्या गाठी होऊ शकतात.

कापूसपट्ट्यातील एक धोका सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. गाई-म्हशींसाठी भिजवलेली सरकीची ढेप कुत्रे चवीने खाते. सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांना बरेच सोसते, कुत्र्याला सोसत नाही. ते आठवडेच्या आठवडे साठत जाऊन हृदयावर परिणाम करते. कुत्रे धापा टाकते, पोट फुगते आणि एक दिवस ते अचानक कोसळते. यावर उतारा नाही, टोपली झाकून ठेवणे एवढाच उपाय आहे. चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचताना सोबत आलेली कुत्री तीही खातात. ताज्या फुलांचे फारसे काही नसते. आंबायला ठेवलेल्या फुलांच्या मडक्यात तोंड घातले तर दारूची विषबाधा होते, आणि झिंगलेले कुत्रे पाहून हसण्यात वेळ जातो.

जंत, गोचीड व खरूज : गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात शिरतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून तीन महिने दर पंधरवड्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. गोचिडांचा प्रश्न अधिक चिवट आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाली की खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, कवेलूखालच्या लाकडात चढून बसते. एक मादी हजारांनी अंडी घालते. नुसते कुत्रे धुऊन म्हणून उपयोग नाही. भेगा लिंपाव्या, बसण्याचे पोते उन्हात टाकावे आणि गोठ्यातही फवारणी करावी. या गोचिडीतून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे रोग पसरतात. ताप, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, गडद लघवी अशी लक्षणे दिसली की रक्ततपासणी करावी. वेळेत पकडलेल्या एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुमारे चार आठवडे देतात. चार दिवसांत कुत्रे उठले म्हणून गोळ्या थांबवल्या तर रोग दडून बसतो.

खरजेवर ट्रॅक्टरचे जळके ऑइल फासणे हा गावाकडचा सर्वांत आवडता आणि सर्वांत घातक इलाज आहे. कुत्रे अंग चाटते आणि ते तेल पोटात जाते, शिवाय भाजल्यासारखी कातडी सोलवटते. जनावरांच्या बाटलीतले आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांचे औषध दहा-पंधरा किलोच्या कुत्र्याला अंदाजाने टोचल्यास झटके आणि आंधळेपणा येऊ शकतो. ताप किंवा लंगडेपणावर माणसांच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्याही देऊ नयेत. त्यांनी जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

विषबाधा व वावरातील अपघात : 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या औषधाने माणसे गेली त्याच औषधाच्या पंपाशेजारी, सांडलेल्या चिखलात कुत्रे बसलेले असते. गोचिडांसाठी हेच फवारे कुत्र्याच्या अंगावर मारणारेही आहेत. लाळेचा लोट, आकसलेल्या बाहुल्या, थरथर आणि झटके ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषाची खूण. ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध वेळेवर मिळाले तर कुत्रे वाचू शकते. अंगावर औषध सांडले असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवावे आणि डब्याचे लेबल दवाखान्यात न्यावे. रानडुकरांसाठी पिठात थिमेट हे कीटकनाशक कालवून ठेवणे आणि कुंपणात वीज सोडणे हे दोन्ही बेकायदा आहेत, आणि त्यांत डुकरांबरोबर राखणीची कुत्रीही जातात.

घोणस किंवा नाग चावल्यास माणसांसाठीचे, अनेक सापांवर चालणारे प्रतिविष कुत्र्यालाही चालते. गावठी जडीबुटीत गेलेला तास भरून निघत नाही. गवत वाळले की कुसळ कानात व पायाच्या बोटांमध्ये रुतून आत सरकते, म्हणून दिवाळीनंतर वावरातून आल्यावर रोज पंजे तपासावे. जखमेत अळ्या पडल्यास टर्पेंटाइनचे मोजके थेंब टाकून त्या चिमट्याने काढतात. विदर्भाच्या बहुतेक भागांत मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, ते धापेवरच निवते. सावली, मातीच्या भांड्यातले पाणी आणि सकाळ-संध्याकाळीच फिरणे एवढे पुरते. अंग तापून कुत्रे आडवे झाले तर साधे पाणी ओतून वारा घालावा व दवाखाना गाठावा.

प्रजनन : मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. नसबंदीने नको असलेली पिल्ले टळतातच, शिवाय गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार होत नाही, आणि पहिल्या माजाआधी केल्यास स्तनाच्या गाठींचा धोका फार कमी होतो. समागमातून पसरणारी जननेंद्रियाची गाठ मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत सर्रास आढळते. फुलकोबीसारखी दिसणारी, रक्त ठिबकणारी ही गाठ कर्करोगाचीच असते, पण व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या आठवड्याला एक याप्रमाणे चार-सहा इंजेक्शनांनी बहुतेकदा पूर्ण बरी होते. ती पाहून कुत्रे सोडून देणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

वृद्धापकाळ : सात-आठ वर्षांनंतर डोळ्यांवर सारा येतो, दात किडतात, पाणी पिणे व लघवी वाढते. शेवटच्या दोन्ही गोष्टी मूत्रपिंडाच्या आजाराच्या किंवा मधुमेहाच्या खुणा असू शकतात. म्हातारे कुत्रे जागलीला नेऊ नये. ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा आणि मेळघाट यांच्या भोवतालच्या गावांत बिबट्या आधी ऐकू न येणारे, पळू न शकणारे कुत्रेच उचलतो. अशा गावांत कोणत्याही वयाचे कुत्रे रात्री बंद दाराआड ठेवावे. साखळीने अंगणात बांधले तर त्याला पळताही येत नाही. येथे लसीकरणाला आणखी एक बाजू आहे. 2018 मध्ये गीरमधील सिंहांच्या मृत्यूंत डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता, आणि तोच विषाणू कुत्र्यांतून वाघ-बिबट्यांत जाऊ शकतो.

उपचाराच्या सोयी : गावात बहुधा पशुधन पर्यवेक्षक चालवत असलेला श्रेणी-2 चा दवाखाना असतो, श्रेणी-1 मध्ये पशुधन विकास अधिकारी भेटतात. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. हे दवाखाने गाई-बैलांच्या सवयीचे असल्याने कुत्र्याची लस तेथे आहे का, हे आधी विचारून जावे. शस्त्रक्रिया, रक्ततपासणी किंवा क्ष-किरणासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना 1958) आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था ही मोठी ठिकाणे आहेत. दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. नेताना कुत्र्याचे तोंड सुती पट्टीने सैल बांधावे, पण धाप लागलेली किंवा उलट्या होत असतील तर बांधू नये.