वेलीची पकड ओळखून आधार उभारावा

झेंडू, अबोली, सदाफुली आणि तेरडा लावलेला वाफा सहसा कमरेच्या खालीच राहतो. त्यात झुडूप लावून उंची आणायची तर बरीच जागा आणि काही वर्षे द्यावी लागतात. फुलवेल मात्र एकाच पावसाळ्यात, वीतभर जागेतून डोक्याच्या वर पोहोचते. झाडाला स्वतःचे वजन पेलण्यासाठी खोडात भरपूर लाकूड तयार करावे लागते. वेल हा खर्च टाळते, आपला भार दुसऱ्यावर सोपवते आणि वाचलेले अन्न लांबी व पाने वाढवण्यासाठी वापरते.

हा भार कोणत्या आधारावर सोपवावा, हे वेल कशी चढते यावर ठरते. बाजारातून आणलेली एकच कमान किंवा जाळी सर्व वेलींना चालेल असे आपण गृहीत धरतो आणि मग वेल वर का जात नाही, असा प्रश्न पडतो.

गोकर्ण आणि गणेशवेल खोडानेच आधाराला वेढे घालतात. त्यांचा कोवळा शेंडा हवेत सावकाश वर्तुळे काढत आधार शोधत असतो. चार्ल्स डार्विन आजारपणामुळे खोलीत अडकून पडला असताना त्याने हॉप नावाच्या वेलीची कुंडी जवळ ठेवून ही हालचाल मोजली. उष्ण दिवसांत तिचा शेंडा सरासरी २ तास ८ मिनिटांत एक फेरी पूर्ण करत असल्याचे त्याला आढळले. त्याचा हा अभ्यास १८६५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीतर्फे प्रसिद्ध झाला. वेढ्यांची दिशा प्रत्येक जातीत बहुधा ठरलेली असते, म्हणून शेंडा हाताने उलट दिशेने गुंडाळला तर तो पुन्हा सुटतो. अशा वेलींना अंगठ्याएवढ्या जाडीच्या, उभ्या बांबूच्या काठ्या किंवा ताणून बांधलेली सुतळी द्यावी. जाडजूड गुळगुळीत खांबाला त्यांचा वेढा नीट बसत नाही. गोकर्ण शेंगवर्गीय असल्याने तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात, हा वाफ्याला होणारा आणखी एक लाभ.

कृष्णकमळाची पकड याहून वेगळी आणि, माझ्या मते, वनस्पतिसृष्टीतील सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक आहे. त्याच्या पानांच्या बेचक्यातून दोऱ्यासारखे तणावे फुटतात. याच पॅसिफ्लोरा प्रजातीतील एका नाजूक जातीच्या तणाव्याला स्पर्श केल्यावर तो सुमारे अर्ध्या मिनिटात वाकू लागल्याचे डार्विनने पाहिले. दोन मिलिग्रॅम वजनाच्या दोऱ्याचा फासही त्याला जाणवला, पण पाण्याचे थेंब जोराने उडवले तरी तो हलला नाही. पावसाच्या प्रत्येक थेंबाने जो फसणार नाही, असाच तणावा आपल्या पावसाळ्यात उपयोगी पडतो. काडी हाती लागली की तणाव्याची टोकाकडील बाजू तिला वेढते आणि मग मधला भाग गुंडाळून त्याची स्प्रिंग होते. दोन्ही टोके बांधलेली असल्यामुळे ही गुंडाळी एकाच दिशेने होऊ शकत नाही. मध्ये एक सरळ तुकडा सोडून पुढचे वेढे उलट्या दिशेने पडतात. काकडीच्या किंवा दोडक्याच्या वेलीवरही हे सहज दिसते, मुद्दाम वाकून पाहावे. वारा आला की ही स्प्रिंग ताणली जाते, पण तुटत नाही. तणाव्याला बोटाहून बारीक आधार लागतो, म्हणून कृष्णकमळासाठी तारेची किंवा दोरीची जाळी उत्तम.

कळलावीला स्वतंत्र तणावे नसतात. तिच्या पानाचे टोकच लांब होऊन आधाराला विळखा घालते. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी तिची फुले वाफ्यात फार शोभून दिसतात, पण तिच्या कंदासह सर्व भागांत कोल्चिसिन हे विष असते. लहान मुले किंवा गुरे असलेल्या घरी ती लावू नये. बोगनवेल काट्यांच्या आधाराने रेलत चढते, त्यामुळे तिला जागोजागी बांधावेच लागते. मधुमालतीची फुले संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी व लाल होतात, हे खरे आकर्षण. परंतु तिचे खोड पुढे लाकडासारखे होते आणि पसारा फार वाढतो. तिला कुंपण किंवा भक्कम मांडव द्यावा, वाफा नव्हे.

आधाराची जागा सूर्याकडे पाहून ठरवावी. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, त्यामुळे सहा फूट उंच ताटीची सावली उत्तरेला पाच फुटांहून अधिक पसरते. जूनमध्ये मात्र मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो आणि त्याच ताटीची सावली दक्षिणेला सुमारे अर्धा फूटच पडते. म्हणून ताटी वाफ्याच्या उत्तर कडेला उभारावी; हिवाळी फुलझाडांचे ऊन अडत नाही आणि वेलीलाही दक्षिणेकडून भरपूर प्रकाश मिळतो.

पानांनी भरलेली, पावसात भिजून जड झालेली ताटी वाऱ्याला शिडासारखी अडवते. सहा फुटांच्या ताटीचे बांबू किमान दोन फूट जमिनीत गाडावेत, टोकाला आडव्या काठीने एकमेकांना जखडावेत आणि हे सर्व वेल लावण्यापूर्वीच करावे, कारण नंतर खड्डा खणताना तिची मुळे तुटतात.